अडीच किलोंची ओढ

आपल्या घरांत सकाळीं जो कांदा चिरला जातो, जो गूळ आमटींत पडतो, मुलांच्या वह्यांना जो कागद लागतो, त्यांपैकीं बहुतेक सारें कोठल्या ना कोठल्या ट्रकच्या पाठीवर बसून पुण्यांत आलेलें असतें. ट्रकच्या इंजिनाविषयीं चार शब्द सांगणारा एखादा हौशी गृहस्थ प्रत्येक कुटुंबांत सांपडतो. परंतु मागल्या चाकांच्या मधोमध, आंसाच्या ऐन पोटांत, घमेल्याएवढा जो लोखंडी गोळा दिसतो, त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. कात्रजच्या चौकांत एखाद्या भरलेल्या ट्रकमागें आपली गाडी अडकून पडली म्हणजे तो नेमका डोळ्यांसमोर येतो. तेलानें माखलेला, धुळीचे थर चढलेला आणि दिसण्यांत अगदींच निरुपद्रवी. इंजिनाची सारी शक्ति अखेर या गोळ्यांतून जाऊनच चाकांना मिळते. तो बिघडला तर इंजिन कितीहि नवें असलें तरी ट्रक जागचा हालत नाहीं. आणि घाटांत बिघडला तर काय ओढवतें, तें सांगावयास नकोच.

या गोळ्यांतील यंत्राचें नांव डिफरन्शियल. त्याचीं कामें दोन. इंजिनाकडून मागें येणारा लांब दांडा, ज्याला कारागीर प्रोपेलर म्हणतात, तो गाडीच्या लांबीला धरून असतो. चाकांचे आंस मात्र आडवे. तेव्हां फिरण्याची दिशा काटकोनांत वळविणें आणि वळवितांना वेग कमी करून जोर वाढविणें, हें पहिलें काम. दुसरें काम अधिक नाजूक आहे. तुळशीवृंदावनाला आजीबाई आणि नात या दोघींनीं हातांत हात घालून प्रदक्षिणा घातली, तर आंतल्या बाजूच्या आजीबाईंचीं पावलें थोडीं पडतात आणि बाहेरच्या नातीला जवळजवळ धांवावें लागतें. वळणावर ट्रकच्या दोन चाकांची हीच गोष्ट. दोहों बाजूंच्या चाकांतील अंतर १.८ मीटर धरलें, तर काटकोनांतलें एक वळण घेतांना बाहेरचें चाक आंतल्या चाकापेक्षां सुमारें २.८ मीटर जास्त चालतें. वळण लहान असो वा मोठें, हा फरक तेवढाच राहतो. घरांतील मोठ्या मुलांनीं तो भूमितीनें पडताळून पाहावा. दोन्ही चाकें एकाच अखंड दांड्यावर ठोकून बसविलीं असतीं, तर प्रत्येक वळणावर एक तरी चाक फरफटलें असतें. चार लहान आणि दोन मोठ्या दांतेरी चाकांची एक चौफुली मध्यें घालून ही अडचण दूर करण्याची युक्ति मोटारीपेक्षां पुष्कळ जुनी आहे. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञानें १८२८ सालीं वाफेच्या गाडीसाठीं तिचें पेटंट घेतलें, तेव्हां पुण्यांत पेशवाई बुडून उणीपुरी दहाच वर्षें झालीं होतीं.

या लेखांत मला सांगावयाचें आहे तें मात्र पहिल्या कामाविषयीं. प्रोपेलरच्या टोंकाशीं एक लहानसें दांतेरी चाक असतें, तें पिनियन. तें ज्या मोठ्या थाळीएवढ्या चाकाला फिरवितें, तो क्राऊन. एका प्रकारच्या ट्रकांत पिनियनला ६ दांते आणि क्राऊनला ४१ असतात. म्हणजे प्रोपेलरचे जवळजवळ सात फेरे होतील तेव्हां चाकाचा एक फेरा होतो, आणि त्याच प्रमाणांत जोर वाढतो. इंजिनाचा सगळा रेटा एका वेळीं या दोनतीन दांत्यांवर येऊन पडतो. शिवाय हे दांते सरळ नसून तिरकस व वळणदार असतात, त्यामुळें ते एकमेकांना नुसते फिरवीत नाहींत, तर ढकलतातहि. खंबाटकीचा घाट चढतांना पिनियन क्राऊनपासून दूर, गाडीच्या तोंडाकडे, रेटलें जातें. तोच घाट उतरतांना चालक इंजिनाचा ब्रेक म्हणून उपयोग करतो; मग चाकेंच इंजिनाला फिरवूं लागतात आणि पिनियन उलट क्राऊनकडे खेंचलें जातें. एका फेरींत असे शेंकडों वेळां धक्के आणि ओढे. या सर्व धक्क्याओढ्यांत पिनियननें आपल्या जागेवरून केसभरहि हलतां कामा नये, अशी अट आहे. हललें कीं दांत्याला दांता जेथें टेकावयास हवा तेथें टेकत नाहीं. मध्यावर पडणारा भार कडेवर पडतो आणि पोलादाचे टवके उडूं लागतात.

पिनियनला जागेवर धरून ठेवतात तीं दोन बेअरिंगें. त्यांतील रोलर सरळ नळीसारखे नसून शंकूसारखे एका टोंकाला निमुळते असतात. या बेअरिंगाचें पेटंट हेन्री टिमकेन यानें १८९८ सालीं घेतलें. हा गृहस्थ मोटारवाला नव्हे; अमेरिकेंत सेंट लुइस शहरीं घोडागाड्या बनविण्याचा त्याचा धंदा. भरलेली गाडी वळली कीं चाकावर बाजूनें रेटा येतो आणि तो साध्या बेअरिंगाला सोसत नाहीं, ही त्याची अडचण होती. निमुळता रोलर वरचा भार आणि बाजूचा रेटा दोन्ही घेतो. मात्र बाजूचा रेटा एकाच दिशेचा. म्हणून पिनियनवर अशीं दोन बेअरिंगें एकमेकांच्या उलट दिशांनीं बसवितात: आंतलें मोठें बेअरिंग चढावरचा रेटा घेतें, बाहेरचें लहान उतारावरचा.

आतां प्रश्न असा, कीं हीं दोन बेअरिंगें एकमेकांवर किती आवळावीं? पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर होतें, आणि ज्यांनीं त्या दिवसांत स्वतःच्या सायकलीचा कोन आवळला आहे, त्यांना हा प्रश्न नवा वाटणार नाहीं. कोन सैल राहिला तर चाक डुगडुगतें, फार आवळला तर अडखळत फिरतें. सायकलीला कोन आवळून पुन्हां नांवापुरता ढिला करतात आणि काम भागतें. ट्रकच्या पिनियनला तेवढ्यानें भागत नाहीं. तेथें ढिलाई संपल्यावरहि आणखी थोडें पुढें जावें लागतें. बेअरिंगांवर कसलाहि भार नसतांना, ट्रक अजून गॅरेजांत उभा असतांनाच, दोन्ही बेअरिंगांत ठराविक दाब भरून ठेवावा लागतो. कारखान्यांतील लोक याला प्रीलोड म्हणतात. आपण आगाऊ दाब म्हणूं.

हा आगाऊ दाब कशाला, हें समजण्यासाठीं बाजेकडे पाहावें. बाजेची नवार आधींच ओढून ताठ केलेली असते; माणूस निजल्यावर ओढीत नाहींत. ढिल्या बाजेवर निजलें तर पाठ जमिनीला लागते. पोलाद आपल्याला कठीण वाटलें तरी भाराखालीं तेंहि किंचित् दबतेंच. चढावर आंतलें बेअरिंग दबलें, कीं तेवढ्या अंतरानें बाहेरचें मोकळें होतें. मोकळें झालें कीं पिनियनचें टोंक त्या मोकळ्या जागेंत नाचूं लागतें. आधींच दाब भरलेला असेल, तर आंतलें दबत असतां बाहेरचें नुसतें थोडें सैलावतें, सुटत नाहीं. सायकलीच्या चाकाच्या तारा ताणून बसवितात त्यांतलें मर्महि हेंच.

परंतु दाब चांगला म्हणून वाटेल तितका भरावा असेंहि नाहीं. बाज जास्त ताणली तर कोर मोडते. बेअरिंगांत दाब फार झाला तर रोलर आणि त्याची वाटी यांमधील तेलाचा पापुद्रा टिकत नाहीं, लोखंडाला लोखंड लागतें, उष्णता वाढते, आणि थोड्याच हजार किलोमीटरांत पोलाद निळसर पडून त्याचे पोपडे सुटतात. मोटारीच्या बहुतेक भागांत चुकीला थोडी सवड असते. येथें ती सवड इतकी अरुंद आहे, कीं माणसाचा केस, जो साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, तिच्यापुढें दोरखंडासारखा वाटावा.

पुण्याला या विद्येचें वावडें असण्याचें कारण नाहीं. १ जून १९४८ रोजीं राज्य परिवहनाची पहिली बस पुण्याहूनच, त्या वेळच्या अहमदनगरला, सुटली, एस्. टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा दापोडीस झाली. टाटांनीं १९५४ सालीं जर्मनीच्या डेमलर-बेंझशीं करार करून जमशेटपुरास ट्रक बनविण्यास आरंभ केला, आणि पुढच्या दशकांत टेल्कोनें पिंपरीस पाय रोवला. ४०७ ही लहान मालमोटार १९८६ मध्यें निघाली ती पुण्याच्याच कारखान्यांतून. मुंढव्यास घडाईचे कारखाने, चिंचवडला बेअरिंगाचा कारखाना. आणि या मोठ्या झाडांच्या सावलींत वाढलेलीं शेंकडों लहान गॅरेजें, नाना पेठेंतील सुट्या भागांचीं दुकानें, बुधवारीं व रविवारीं भरणारा जुना बाजार. मोठ्या कारखान्यांत आगाऊ दाब मोजण्यास यंत्रें आहेत आणि आंकडा पडद्यावर उमटतो. लहान गॅरेजांत तो कसा बसवितात, हें पाहण्याचें मला पुष्कळ दिवस मनांत होतें. गेल्या उन्हाळ्यांत एका स्नेह्यांच्या ओळखीनें निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरींत तो योग आला.

ट्रक दोघां भावांच्या मालकीचा होता. थोरला चालवी, धाकटा हिशेब आणि भाडीं पाही. घर एकत्र, कर्जाचा हप्ताहि एकत्र. चार महिन्यांपूर्वीं दुसऱ्या एका गॅरेजांत पिनियनचीं बेअरिंगें नवीं घातलीं होतीं. महिन्याभरांत चढावर मागून गुणगुण ऐकूं येऊं लागली; ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला कीं तिचा सूर बदले. मग सुटतांना खट् असा ठोका बसूं लागला आणि पिनियनच्या तोंडाशीं तेल झिरपूं लागलें. दोनदां ऑइल सील बदलून झालें. तेल थांबेना; कारण दोष सीलाचा नव्हताच. दांडाच जर नाचत असेल तर रबराच्या कडीनें त्याला किती दिवस घट्ट धरावें?

मिस्त्री साठीच्या घरांतले. हातांखालीं औंधच्या आय. टी. आय. मधून आलेला एक विशीतला मुलगा. प्रोपेलर सोडला, दोन्ही बाजूंचे आंस बाहेर ओढले, खालीं परात ठेवून तेल काढलें. त्या काळ्या तेलांत रांगोळीच्या भुकटीसारखी चकाकी होती. मिस्त्रींनीं दोन बोटांनीं तें चोळून थोरल्या भावाला दाखविलें आणि कांहीं न बोलतां बोटें चिंधीला पुसलीं. मग साखळीच्या कप्पीनें तो गोळ्यांतला सारा संच उतरवून बांकावर घेतला. पिनियनच्या दांत्यांवर, एका कडेला, देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. क्राऊन त्या मानानें बरा दिसत होता. बेअरिंगें नवीं असूनहि त्यांच्या वाट्यांवर ओरखडे उमटले होते, आणि त्यांच्यामध्यें ज्या शिमा निघाल्या, त्या जुन्या, मळकट, कांठ मुरडलेल्या.

येथें शिम म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. दोन बेअरिंगांच्या आंतल्या कड्यांमध्यें पिनियनच्या दांड्यावर एक पोलादी नळी असते. टोंकाचा नट आवळला म्हणजे बेअरिंगें एकमेकांकडे सरकतात; तीं कोठें थांबावीं, हें ही नळी ठरविते. नळीच्या टोंकाशीं कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या घालून तिची लांबी कमीजास्त करतात. या चकत्या म्हणजे शिमा. शिम वाढविली तर बेअरिंगें दूर राहतात आणि दाब कमी होतो. काढली तर दाब वाढतो. लहान गाड्यांत शिमांच्या ऐवजीं एक मऊ नळी असते, ती नट आवळतांना ठराविक प्रमाणांत चेंगरते. ती एकदां चेंगरली कीं संपली. नट मागें फिरवून ती पूर्ववत् होत नाहीं, दुसरी घालावी लागते, आणि जुनीच पुन्हां वापरण्याचा मोह ज्यांना आवरत नाहीं त्यांचें गिऱ्हाईक लौकरच परत येतें. शिमांचें तसें नाहीं. पण बेअरिंगें बदललीं कीं शिमांचा हिशेब पहिल्यापासून करावा लागतो. बेअरिंगाची रुंदी कारखान्यागणिक, नव्हे नगागणिक, किंचित् बदलते. आधींच्या ठिकाणीं नव्या बेअरिंगांबरोबर जुन्याच शिमा घालून नट जोरानें आवळला होता. नट घट्ट म्हणून सगळें घट्ट, अशी समजूत. नट नळीला आवळीत होता. बेअरिंगें मधल्यामध्यें सैल होतीं.

धाकट्या भावाचा चेहरा उतरला. क्राऊन आणि पिनियन नवें घ्यावयाचें तर खर्च मोठा. तो म्हणाला, “मिस्त्री, क्राऊन चांगला आहे ना? मग नुसतें पिनियन बदलूं. जुन्या बाजारांत मिळेल.”

मिस्त्री हंसले. “भाऊ, एका मांडवांतला नवरा आणि दुसऱ्या मांडवांतली नवरी आणून लग्न लागत नाहीं. हे दोघे कारखान्यांतच एकमेकांवर घासून जमवलेले असतात. हा बघा नंबर. दोघांवर एकच आहे.”

नंबर खरोखरच एक होता. क्राऊन आणि पिनियन जोडीनेंच घासून जुळवितात, जोडीनेंच विकतात, आणि जोडीनेंच बदलावयाचे असतात. जुन्या क्राऊनवर परकें पिनियन घातलें तर पहिल्या दिवसापासून तें ओरडूं लागतें. दोघे भाऊ चहाला म्हणून बाहेर गेले. अर्ध्या तासानें परत आले तेव्हां पतसंस्थेंतील ठेव मोडण्याचें ठरलें होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नवी जोडी आणि बेअरिंगें आलीं. त्या संध्याकाळीं साताऱ्याचें भाडें ठरलेलें होतें, म्हणून थोरला भाऊ घड्याळाकडे पाहात बांकाशेजारींच बसून राहिला.

धुण्यापुसण्यांतच सकाळ गेली. बेअरिंग धुतल्यावर हवेच्या झोतानें फिरवून वाळविण्याची खोड मुलांना असते. मिस्त्रींनीं त्या मुलाला तसें करूं दिलें नाहीं. तेलाशिवाय भरधांव फिरलेलें बेअरिंग बसविण्यापूर्वींच बिघडतें. आंतलें मोठें बेअरिंग शंभर अंशांच्या आसपास तापविलें, तेव्हां तें फुगून पिनियनच्या दांड्यावर अलगद उतरलें; घणाचा एकहि घाव घालावा लागला नाहीं. पिनियन क्राऊनकडे किती खोल जावें याच्या शिमा निराळ्या, त्यांसाठीं पिनियनच्या माथ्यावर कारखान्यानें कोरलेला आंकडा पाहतात. तेंहि झालें. मग आगाऊ दाब.

पिनियन ज्या लोखंडी घरट्यांत बसतें, तें घरटें दोन्ही बेअरिंगांसह जुळविलें. ऑइल सील मुद्दाम घातलें नाहीं, कारण सीलाची पकड मोजमापांत मिसळते. क्राऊनहि दूर होता. बेअरिंगांना तेल लावलें, नट पूर्ण आवळला. हा नट आवळावयास शेंकडों न्यूटन-मीटरांचा जोर लागतो. पुरुषभर लांब दांड्याच्या पान्याला मुलगा अक्षरशः लोंबकळला. पिनियन शेगड्यांत धरून घरटें दहावीस वेळां हातानें फिरविलें, म्हणजे रोलर आपापल्या जागीं बसावे. नंतर मिस्त्रींनीं खणांतून सुताची दोरी आणि एक ताणकांटा काढला. भंगारवाले वजनाला वापरतात तसलाच, पण चांगला. दोरी घरट्याच्या गळ्याभोवतीं गुंडाळली, टोंक कांट्याच्या आंकड्यांत अडकविलें आणि एकसारख्या चालीनें ओढलें. घरटें फिरूं लागलें. कांट्यावर साडेपांच किलो.

यांतला हिशेब सोपा आहे. गाडीच्या पुस्तकांत फिरविण्यास लागणारा जोर न्यूटन-मीटरांत दिलेला असतो आणि तो गाडीगाडीचा निराळा असतो. समजा तो २ न्यूटन-मीटर हवा, आणि दोरी ज्या गळ्यावर गुंडाळली त्याची त्रिज्या ८ सेंटिमीटर. २ ला ०.०८ नें भागलें कीं २५ न्यूटन. म्हणजे जवळजवळ अडीच किलोंची ओढ. मात्र घरटें पहिल्यानें हालतांना जो झटका बसतो तो आंकडा धरावयाचा नाहीं. फिरत असतांना कांटा जेथें स्थिरावतो तोच खरा. बेअरिंगें जुनीं असतील तर दाब नव्याच्या साधारण निम्माच ठेवतात, कारण तीं आधींच झिजून बसलेलीं असतात. नट आवळण्यास शेंकडों न्यूटन-मीटर आणि त्याचें फळ मोजावयाचें तें दोनांत, ही विषम गोष्ट मला त्या बांकाशीं उभें राहीपर्यंत नीट उमगली नव्हती.

या ट्रकला दोन ते तीन किलोंच्या दरम्यान ओढ हवी होती. साडेपांच म्हणजे फार. नट सोडला, सगळें उतरविलें, पांच शतांश मिलिमीटरची एक शिम वाढविली, पुन्हां जुळविलें, पुन्हां मुलगा पान्याला लोंबकळला. आतां ओढ एक किलोहि भरेना. अर्धा तास गेला होता. थोरला भाऊ म्हणाला, “राहूं द्या कीं मिस्त्री. हाताला तर घट्ट लागतंय.”

“घट्ट लागतंय तें मलाहि कळतंय,” मिस्त्री म्हणाले. “मागच्यालाहि तसंच लागलं असणार.”

पुन्हां उतरविलें. ती शिम काढून तिच्या निम्म्या जाडीची घातली. या वेळीं नट आवळून झाल्यावर मिस्त्रींनीं कांटा लावण्यापूर्वीं घरटें दोन्ही हातांत घेऊन हळूहळू फिरविलें, डोळे मिटले आणि मुलाला सांगितलें, “अडीचच्या थोडं वर.” मुलानें दोरी ओढली. कांटा अडीच आणि पावणेतीन यांच्यामध्यें थांबला.

अशा हाताचें आपल्याकडे फार कौतुक होतें. त्याला दैवी देणगी म्हणण्याचीहि चाल आहे. मला तसें वाटत नाहीं. हा हात आपल्याला खात्रीनें सांगतो तो अशासाठीं, कीं गेलीं तीस वर्षें प्रत्येक वेळीं त्याची साक्ष कांट्यापुढें तपासली गेली आहे. चार महिन्यांपूर्वींच्या कारागिराचा हातहि बहुधा तितकाच जोरदार असेल. त्याला कांटा भेटला नव्हता इतकेंच. गाणारा तंबोरा लावून घेतो, तो कान कच्चा म्हणून नव्हे. दुसऱ्या बाजूनें, अभियांत्रिकीचें पुस्तक पाठ असलेल्या आपल्या मुलांपैकीं कितीजणांनीं असली दोरी एकदां तरी ओढून पाहिली असेल, याचीहि मला शंका आहे. कांट्याची किंमत एका ऑइल सीलाहून फारशी जास्त नसते. तरीहि पुष्कळ ठिकाणीं तो नसतो, कारण गिऱ्हाईक तो आहे का म्हणून विचारीत नाहीं, आणि तीनदां उतरवून चढविण्याच्या मजुरीला राजी होत नाहीं.

पुढचें काम भराभर झालें. सील ठोकलें, पिनियनचें घरटें जागेवर बसविलें, क्राऊन चढविला. क्राऊन आणि पिनियन यांच्या दांत्यांमध्यें थोडी फट ठेवावी लागते, नाहीं तर तापल्यावर ते एकमेकांत अडकतील. ती साधारण पाव मिलिमीटरची, आणि डायल गेजनें क्राऊनच्या घेरावर तीनचार ठिकाणीं मोजतात. दोन्ही बाजूंचे चुडीसारखे नट एक दांता इकडे, एक दांता तिकडे फिरवून ती साधली.

अखेरची परीक्षा मला सर्वांत आवडली. मिस्त्रींनीं एका वाटींत तेलांत कालविलेला शेंदूर घेतला आणि कुंचल्यानें क्राऊनच्या आठदहा दांत्यांना फांसला. आपल्याकडे मारुतीला लावतात तो अस्सल शेंदूर म्हणजे शिशाची भस्मच. यंत्रकाम करणारे तो सर्व जगभर याच कामासाठीं वापरीत आले. विषारी असल्यामुळें हल्लीं तयार रंगाच्या नळ्या मिळतात, आणि मिस्त्रींनींहि मुलाला हात धुतल्यावांचून विडी-भाकरीला शिवूं नकोस म्हणून दोनदां बजाविलें. क्राऊनवर लाकडाचा अडसर दाबून धरीत पिनियन पुढेंमागें फिरविलें. जेथें दांता दांत्याला टेकला तेथला शेंदूर पुसला जाऊन लंबगोल ठसा उमटला. ठसा दांत्याच्या माथ्याकडे गेला तर पिनियन उथळ बसलें आहे, बुडाकडे गेला तर फार खोल. आमचा ठसा मध्यावर, किंचित् आंतल्या टोंकाकडे झुकलेला होता. भार पडला कीं तो पसरून बाहेरच्या टोंकाकडे सरकतो, म्हणून असा झुकलेलाच चांगला. जुन्या पिनियनच्या दांत्यांवरचे खड्डे मिस्त्रींनीं त्याच्या शेजारीं धरून दाखविले. ते सगळे एका कडेला, जणूं कोणी ओळीनें टोंचलेले.

सायंकाळीं पांचला संच वर चढला, आंस आंत गेले, नटाच्या ओठाला छिन्नीनें ठोका देऊन तो जागीं कायम केला. नवें तेल भरलें तें साधें नव्हे. या पिढीच्या ट्रकांत पिनियन क्राऊनच्या मध्यावर न बसतां थोडें खालीं बसतें. ही रचना १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ग्लीसन कंपनीनें सिद्ध केली आणि पॅकार्ड मोटारींत ती प्रथम आली. तिच्यांत दांते फिरतां फिरतां एकमेकांवरून घसरतातहि, म्हणून त्यांना दाबांत न तुटणारें खास गियर ऑइल लागतें. डब्यावर नव्वद नंबर आहे एवढें पाहून दुसरें स्वस्त तेल ओतणारे महाभाग आहेत. त्यांच्या ट्रकला आगाऊ दाब कितीहि बिनचूक बसविला तरी व्यर्थ.

निघतांना मिस्त्री थोरल्या भावाला म्हणाले, “आज अर्धाच माल घ्या. खेड-शिवापूरला थांबा आणि पिनियनच्या तोंडाला हात लावून बघा. मग गोळ्याच्या मधल्या भागाला लावा. दोन्हीकडे सारखंच कोमट लागलं तर पुढं जा. तोंडाशीं हात टिकेना झाला, तर घाट चढूं नका, फोन करा.”

अर्ध्या मालाचें ऐकून धाकट्याचें तोंड पुन्हां जरा वांकडें झालें. पण थोरल्यानें मान हालविली आणि गाडी सुरू केली. नव्या जोडीचे दांते पहिल्या कांहीं शें किलोमीटरांत एकमेकांशीं जमत असतात. तेव्हां पूर्ण भार आणि लांब चढ टाळावा, आणि हें पहिलें तेल नेहमींच्या मुदतीपूर्वींच बदलावें, असा रिवाज आहे. नव्या तेलांतहि थोडी चकाकी येते. ती पिठासारखी बारीक असेल तर काळजीचें कारण नाहीं. बोटांना टोंचणारी कणी लागली, तर गोळा पुन्हां उघडावा लागतो.